शाळेच्या समितीत नाव आलंय? मग पोरं आणि शिक्षक दोघांच्याही बाजूनं कसं उभं राहायचं ते वाचा

आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मग पालक सभा होते, मुख्याध्यापक विचारतात समितीत कोण येणार, सगळे खाली पाहतात आणि मागून कोणीतरी म्हणतं "भाऊचं नाव टाका ना जी". झालं, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत. पुढची दोन वर्षं बहुतेक लोक काय करतात तर मीटिंगच्या रजिस्टरवर सही, १५ ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहणं, ५ सप्टेंबरला गुरुजींना शाल-नारळ, बस. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेच्या समितीत आहे, शहरातल्या मनपा शाळांच्या पालकांशीही बोलणं होत राहतं, त्यातून जे कामाचं वाटलं ते लिहून राहिलो.

माझं म्हणणं एकच आहे. सरकारी शाळेत पोरांवर अन्याय होतो आणि शिक्षकाला आपली किंमत नाही असं वाटतं, या दोन्ही गोष्टी जास्त करून एकाच ठिकाणाहून येतात: शिक्षक कमी, आणि जे आहेत ते कागद भरण्यात नाहीतर बाहेरच्या ड्युटीवर. त्यामुळे पालकांनी शिक्षकांच्या विरोधात उभं राहून पोरांचं भलं होत नाही, आणि शिक्षकांची नुसती तारीफ करूनही होत नाही. त्यांचा शिकवण्याचा वेळ वाचवा, पोरांचा हक्क आपोआप बराचसा वाचतो.

पहिले कागद पाहा

समितीत गेल्यावर पहिल्या मीटिंगला मुख्याध्यापकांना म्हणा, सर संच मान्यतेचा कागद दाखवा ना जरा. संच मान्यता म्हणजे तुमच्या शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत त्याचा हिशेब. मंजूर किती, भरलेली पदं किती, आणि भरलेल्यातले खरोखर शाळेत किती, हे तीन आकडे वेगवेगळे असतात आणि तिसरा कोणत्याच सरकारी कागदावर नीट सापडत नाही, तो तुम्हालाच लिहावा लागतो.

आता शिक्षण हक्क कायदा (२००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू) काय म्हणतो ते पाठच करून टाका. पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे किमान एक, आणि तिथं विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा यांना प्रत्येकी निदान एक माणूस पाहिजेच. रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे तुमच्या शाळेत ६५ पोरं असतील आणि दोनच शिक्षक असतील तर तुम्ही कोणावर उपकार मागत नाही आहात, कायद्यातलं तिसरं पद मागून राहिले आहात.

इथं एक गोष्ट पालकांना कोणीच सांगत नाही. पद ठरतं ते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि पट मोजताना पोराचं आधार व्हॅलिड पाहिजे. शाळेत नाव "प्रणय", आधारवर "प्रनय", किंवा जन्मतारीख एका दिवसानं वेगळी, की ते पोरगं रोज वर्गात बसून खिचडी खात असलं तरी हिशेबात धरत नाहीत. अशी चार-पाच पोरं गळाली आणि पट ६१ च्या खाली आला की एक गुरुजी "अतिरिक्त" ठरतात, त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत, आणि मागं उरतात दोन माणसं नि पाच वर्ग. शिक्षक बिचारे आईबापांच्या मागं फिरतात की आधार दुरुस्त करून आणा, आणि आईबाप म्हणतात रोजी पाडून कोण जाईल. हे काम समितीनं अंगावर घ्यायचं. जुलै-ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांकडून न जुळणाऱ्या नावांची यादी घ्या, आधार केंद्रात एक दिवस ठरवून पोरं घेऊन जा, एखादा ऑटो सांगा. जुलैत पाचपन्नास रुपये अन् एक दिवस जाईल पण शाळेचा एक शिक्षक वाचू शकतो, शालीपेक्षा हा सत्कार मोठा आहे असं मला तरी वाटते.

अर्ज लिहिताना वाक्य सांभाळा

शिक्षक कमी असतील तर पहिले समितीचा ठराव घ्या, मग अर्ज. गावाकडे केंद्रप्रमुखांच्या कानावर घालून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पंचायत समितीत, शहरात मनपाच्या शिक्षण विभागात सिव्हिल लाईन्सला. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या, "साहेब बाहेर गेले, ठेवून जा" म्हटलं तर ठेवून जाऊ नका, आवक टेबलवर कोणी ना कोणी असतंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, ते कलम अर्जात लिहूनच टाका.

पण अर्जातलं वाक्य फार महत्त्वाचं. "आमच्या शाळेत शिक्षण बरोबर होत नाही" असं लिहिलं की वरचा साहेब पहिले आहे त्या शिक्षकालाच नोटीस काढतो, म्हणजे जो माणूस तीन वर्ग एकटा ओढून राहिला त्यालाच विचारणा. लिहायचं असं: "इयत्ता तिसरी व चौथीला स्वतंत्र शिक्षक नाही, मंजूर पदे इतकी, कार्यरत इतकी, रिक्त पद अमुक तारखेपासून." आणि पाठवायच्या आधी तो कागद शिक्षकांना दाखवा. ते स्वतः वर लिहू शकत नाहीत, नोकरी असते त्यांची, पण तुम्ही त्यांच्या बाजूनं लिहिलंय हे त्यांना कळलं की शाळेतलं वातावरणच बदलते.

बाहेरच्या कामाची वही

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कामाचं. एक साधी शंभर पानी वही घ्या, त्यात तारीख, कोण शिक्षक, कशासाठी बाहेर, किती तास गेले, त्या वेळात वर्ग कोणाकडे होता, एवढं लिहायचं. ट्रेनिंग, मीटिंग, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, सर्वे, पंचायत समितीत "तातडीची माहिती" द्यायला बोलावलं, सगळं. महिन्याच्या समिती मीटिंगला ती वही वाचायची आणि ठरावात आकडा टाकायचा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत पाहिजे नाहीतर उगाच भांडण होते. कलम २७ प्रमाणे शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम तीनच गोष्टींसाठी देता येतं: दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण, आणि निवडणुकीचं काम. म्हणजे इलेक्शन ड्युटी थांबवा म्हणून तुम्ही अर्ज करणार तर तो कचऱ्यातच जाणार. पण एकाच शाळेचे दोन्ही शिक्षक एकाच वेळी उचलू नका, हे मागणं अगदी रास्त आहे आणि वेळेवर, म्हणजे ड्युटीच्या याद्या निघायच्या आधी लेखी दिलं तर ऐकतातही. बाकी कामांचं म्हणाल तर शासनानंच ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला, तो मुख्याध्यापकांकडून मागून वाचा. राज्यभर शिक्षक "आम्हाला शिकवू द्या" म्हणून रस्त्यावर आले होते ते उगाच नाही. पगार वाढवा म्हणून मोर्चा निघणं समजू शकतो आपण, पण माझं नेमलेलं काम मला करू द्या म्हणून मोर्चा काढावा लागावा, ही कोणत्या गावची रीत?

आणि काही कामं पालक सरळ करू शकतात. तांदूळ आला की पोत्यांचं वजन करून घेणं (हिशेब रोजचा असतो, पहिली ते पाचवी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम एका पोरामागं), पुस्तकांचे गठ्ठे वर्गावार लावणं, गणवेशाची मापं, पाण्याच्या टाकीची सफाई. ऑनलाइन भरायच्या गोष्टींत मात्र हात घालू नका, लॉगिन-पासवर्ड त्यांचा, जबाबदारी त्यांची, चूक झाली तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागते. गेटजवळचा खर्ऱ्याचा ठेला हटवायचं काम तर शिक्षकांवर सोडूच नका. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, पण ठेलेवाला गावचाच, शिक्षक बाहेरचा, तो बोलला की दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीतली हवा गेलेली असते. समितीनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून बोलायचं.

किंमत आहे हे कसं कळवायचं

मी बऱ्याच शिक्षकांना विचारलं, कोणी पुरस्काराचं नाव घेतलं नाही. मॅडम लोकांनी सगळ्यात पहिले काय सांगितलं असेल तर आतून कडी लागणारं संडास, त्यात पाणी. खरंच पाहा तुमच्या शाळेत आहे का. नागपूरहून पहाटे निघून भिवापूर नाहीतर पारशिवनीकडे पोचणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही कारण जायला जागा नाही, आणि आपण तिला शिक्षक दिनाला गुलाबाचं फूल देतो. समग्र शिक्षाचं शाळा अनुदान येतं ना, ३० पोरांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार अशा हिशेबानं, त्यात पहिला खर्च हा करा, रंगरंगोटी पुढच्या वर्षी. आणि खर्च ठरवताना शिक्षकांना विचारा, काय पाहिजे तुमच्या वर्गाला. विचारतच नाही कोणी, वरून पेटी येते, उघडा आणि फोटो टाका.

तारीफ करायची तर नेमकी करा. "मॅडम खूप छान शिकवता" हे सगळेच म्हणतात. "माझी पोरगी आता दुकानात स्वतः हिशेब करून सुटे परत आणते, दिवाळीच्या आधी येत नव्हतं तिला" असं म्हटलं तर त्या मॅडमला आठवडाभर पुरते. तेच शेरेबुकात लिहा, नाव-तारीख-सहीनिशी. शेरेबुकात साहेब लोकांचेच शेरे असतात, पालकाचा शेरा क्वचितच दिसतो, आणि साहेब भेटीला आले की तेच पान उघडतात.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षकाबद्दल काहीच टाकायचं नाही, चांगलं टाका हवं तर, तक्रार नाही. तक्रार असेल तर शाळा सुटल्यावर जा, पोरांसमोर नाही. "ओ मास्तर" नाही, "सर, पाच मिनिटं आहेत का". वर्ग चालू असताना दारात उभं राहून हाक मारणारे सरपंच मी पाहिले आहेत, चाळीस पोरं पाहत असतात की आपल्या सरांशी लोक कसे बोलतात, मग ती पोरं काय शिकतील.

नवीन लागलेल्यांकडे जरा जास्त लक्ष द्या. शिक्षण सेवक म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला महिना १६ हजार, आणि तेही २०२३ मध्ये वाढवून, त्याआधी ६ हजार होते. परीक्षा देऊन, पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवर) वाट पाहून, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं पोरगं असतं ते. त्याला गावात खोली पाहून द्या, डबा लावून द्या, आणि "शिक्षण सेवक आहे हा, खरा सर नाही" असं पोरांसमोर म्हणू नका. वर्ग तो तेवढाच घेतो.

अप-डाऊनवाल्यांचा, म्हणजे रोज शहरातून ये-जा करणाऱ्या शिक्षकांचा वाद प्रत्येक गावात आहे. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहत नाहीत, मग गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव द्यायचा की नाही, त्यावरून राजकारण. माझं मत स्पष्ट आहे, काहींना पटणार नाही: गुरुजी रात्री कुठं झोपतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही, परिपाठाला हजर आहेत का ते पाहतो. गावात राहायला धड घर नाही, त्यांच्या पोरांच्या शाळा शहरात, बायकोची नोकरी शहरात. वेळेवर येऊन राहिले तर ठरावासाठी त्यांना खेळवू नका.

पोरापोरांत फरक होतो तो कुठं पाहायचा

आता न्यायाची दुसरी बाजू, आणि इथं बोट आपल्याकडेही येते. समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बाया, आणि दुर्बल-वंचित घरांचं त्यांच्या पटाच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात काय होते, चार घरांची तीच नावं, बायांच्या सह्या घरी पाठवून आणतात. मीटिंग सकाळी अकराला ठेवली की कापूस वेचायला, कुही-मौद्याकडे धानाच्या रोवणीला गेलेली आई येणारच नाही, मग म्हणायचं "पालकांना इंटरेस्ट नाही". संध्याकाळी ठेवा, नाहीतर बाजाराच्या दिवशी. शिक्षकांना उशिरा थांबावं लागेल तर आधी विचारून ठरवा, महिन्यातून एक दिवस बहुतेक हो म्हणतात, जबरदस्तीनं नाही.

वीटभट्टीवर आलेल्या घरांची पोरं पाहा. मध्य प्रदेश-छत्तीसगडकडून येतात, दिवाळीनंतर येऊन उन्हाळ्यात जातात, मराठी येत नाही. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम ५ आहे, वर्षाच्या मध्येही बसवून घ्यावंच लागते. पण अशी पोरं आली की शिक्षकाचं काम दुप्पट होते हेही कबूल करा ना. आमच्याकडे हिंदी बोलणारी मोठी पोरं लहानांना सोबत घेऊन बसतात, नागपुरी पोरांना हिंदी काही नवीन नाही, तेवढ्यानंही सरांचा भार हलका होतो.

गणवेशाचं उदाहरण तर जुन्या लोकांना आठवत असेल, वर्षानुवर्षं मुलींना, एससी-एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्या पोरांना मोफत मिळायचा, बाकी पोरं तशीच, एकाच बेंचवर एक नवा शर्ट आणि एक जुना. वाटणारे शिक्षक होते म्हणून बोलणी त्यांनी खाल्ली, नियम वरून आला होता. २०२३-२४ पासून सगळ्यांना द्यायचं ठरलं, मग मधे एक वर्ष "एक राज्य एक गणवेश" चा घोळ, मापं भलतीच, तेव्हाही फोन मुख्याध्यापकांनाच, आणि आता खरेदी परत समितीकडे आली आहे. म्हणजे यापुढे कापड पातळ निघालं तर उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, तीन दुकानांचे भाव घ्या, कापड हातात धरून पाहा, बिल नोटीस बोर्डवर लावा.

शिक्षक खरंच कामचुकार असेल तर

असतात. ते लपवून चांगल्या शिक्षकांचा मान राहत नाही, उलट जो बाजूच्या वर्गात घसा कोरडा करून राहिला त्याला वाटते की करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला इथं एकच भाव. म्हणून बोलायचं, पण पायरीनं. आधी मुख्याध्यापकांशी एकट्यात, तारखा घेऊन, "नेहमीच उशिरा येतात" नको. मग त्या शिक्षकाचंही ऐका, कधी कधी घरचं आजारपण निघते. फरक नाही पडला तर समितीच्या मीटिंगमध्ये, त्यांना समोर बसवून. मग केंद्रप्रमुख. दोन गोष्टींत पायऱ्या नाहीत: पोराला मारणं किंवा जातीवरून-घरावरून हिणवणं, कलम १७ प्रमाणे ते बंदच आहे, तिथं त्याच दिवशी लेखी द्या. खासगी ट्यूशन घेणं कलम २८ मध्ये बसते, त्यातही गावकीचं नातं आड येऊ देऊ नका.

अधिवेशनाच्या दिवसांत

डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन, शिक्षकांचे मोर्चे यशवंत स्टेडियमहून निघतात आणि आपल्याकडे शाळा अर्धी रिकामी. चिडायच्या आधी एकदा विचारा कशासाठी जाऊन राहिले. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्याचं दुखणं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास करावी लागेल, तर वीस वर्षं शिकवलेला माणूस रात्री गाईड घेऊन बसला आहे. त्यात २०२५ मध्येच नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या ऑनलाइन पगारासाठीच्या आयडीचं) प्रकरण गाजलं, आणि चहाच्या टपरीवर सगळ्याच गुरुजींकडे लोक संशयानं पाहायला लागले. तुम्हाला मोर्च्याशी सहमत व्हायची गरज नाही. सुट्टीचा वर्ग भरून कसा काढणार एवढं ठरवून घ्या, उत्तर बहुतेक वेळा नीट मिळते.

शेवटचं काम समितीची मुदत संपायच्या आधीचं. ठरावांच्या प्रती, पोच, बाहेरच्या कामाची वही, सगळं नवीन समितीला बसून समजावून द्या, आणि एक झेरॉक्स संच स्वतःच्या घरी ठेवा. शाळेच्या कपाटावर भरवसा ठेवू नका, त्याची चावी बहुतेक वेळा बदलून गेलेल्या सरांच्या खिशातच गेलेली असते.